डागमावशी आणि मिठाचं पाणी

माणसं लक्षात ठेवायची प्रत्येकाची रीत वेगळी. कुणी चेहरा लक्षात ठेवतं, कुणी आवाज, कुणी नुसता अपमान. डागमावशी डाग लक्षात ठेवायची. समोरच्या इमारतीतले वकील रस्त्यात भेटून नमस्कार करून गेले, तरी चार पावलं पुढं जाईपर्यंत ती विचार करायची, हे कोण बरं? तेच वकिलांचा शर्ट काउंटरवर पडला की नाव विचारायची गरज नाही. डाव्या खिशाखाली शाई, उजव्या बाहीला चहा, वकील.

तिची लॉन्ड्री म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद खोली. पुढं काउंटर, त्यामागं इस्त्रीचं टेबल, त्याच्यामागं धुण्याची दोन यंत्रं, आणि अगदी शेवटी, नळाशेजारी, मावशीचं राज्य: एक दगडी ओटा, चार ब्रश आणि खिडकीत ओळीनं मांडलेल्या बाटल्या. इस्त्रीच्या टेबलाशी तिचे यजमान. त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणत. इस्त्रीकाका इतकं कमी बोलत, की दिवसभरात त्यांच्या तोंडून जेवढे शब्द बाहेर पडायचे त्यापेक्षा जास्त वाफ एका शर्टाला त्यांच्या इस्त्रीतून निघायची. दोघांचं बरं चाललं होतं. बोलायचं खातं मावशीकडं, ऐकायचं काकांकडं.

आता, बोलणारी असली तरी मावशी चुगलखोर नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. गल्लीतल्या प्रत्येक घराचं गुपित तिच्या ओट्यावरून धुऊन गेलेलं. कुणाच्या कॉलरला कुठल्या रंगाची लिपस्टिक होती, ऑफिसला गेलेल्या कुठल्या गृहस्थांच्या पँटच्या गुडघ्यांना भर दुपारी हिरवळ कशी लागली, सगळं तिला ठाऊक. पण तोंडातून अवाक्षर नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर एव्हाना निम्मी गल्ली वकिलांच्या दारात उभी राहिली असती. निवृत्त हेडमास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात दर आठवड्याला चॉकलेट वितळलेलं असायचं; डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद करून सहा वर्षं झालेली. मावशी खिसा साफ करायची, कोट द्यायची आणि मास्तरीणबाईंसमोर कोऱ्या चेहऱ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारायची. मास्तरांचं हे आता सांगायला हरकत नाही, कारण तब्येत सुधारल्यापासून ते स्वतःच सगळीकडं सांगत सुटलेत.

एवढी जगाचे डाग काढणारी बाई, पण तिच्या स्वतःच्या घरातलाच एक डाग अकरा वर्षं तसाच होता.

मावशीला एक धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडं, तिसऱ्या मजल्यावर राहायची. आई गेली तेव्हा आईनं स्वतः पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेली चादर धाकटीकडं आली. मोठीला आईची पेटी, धाकटीला चादर. वाटणी आईनंच करून ठेवलेली. पुढं धाकटीनं घराला नवे लाल पडदे शिवले. पडदे धुण्याआधी तिनं लॉन्ड्रीत येऊन विचारलं, ताई, रंग जाईल का गं? मावशीनं हातातलं काम न सोडता सांगितलं, मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजव, रंग जायची बिशाद नाही. धाकटीनं भिजवले. दुसऱ्या दिवशी पडदे आणि आईची चादर एकत्र यंत्रात घातली. चादर बाहेर आली ती गुलाबी होऊन. तीही सगळीकडं सारखी नाही. कुठं फिकी, कुठं गडद, जसं काही कुणी तोंडावर रंग फेकून पळालं असावं.

धाकटी रडत चादर घेऊन आली. मावशीनं जे जे जमतं ते सगळं केलं, पण भरतकामाच्या टाक्यांत बसलेला रंग निघेना. आणि हात टेकल्यावर माणसाला जे सुचतं तेच तिला सुचलं. ती म्हणाली, तू मीठ घातलंच नसशील. धाकटी म्हणाली, घातलं होतं. मावशी म्हणाली, घातलं असतंस तर रंग गेलाच नसता, कंटाळा केलास आणि आता खोटं बोलतेस. हे सगळं दुकानात, मामा आणि दोन मावसबहिणी बसलेल्या असताना. धाकटीनं चादरीची घडी केली, काखेत मारली आणि गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. धाकटी बाजारात जाताना लॉन्ड्री असलेला फुटपाथ सोडून पलीकडच्या फुटपाथवरून जायची. मावशी काउंटरवरून बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि आश्चर्य म्हणजे एकदाही कुणी तिखटमीठ लावून सांगितलं नाही. प्रकरणच मिठाचं, तेव्हा वर आणखी काय लावणार!

तर अशा या दुकानात एके दिवशी प्रयोगबाई आली.

मुख्य रस्त्याच्या टोकाला विज्ञान केंद्राची मोठी इमारत आहे. आत बटणं दाबायची यंत्रं आहेत. त्यातली निम्मी बंद, आणि उरलेल्या निम्म्यांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. वर्षातून एकदा शाळांच्या सहली येत. एरवी आत पहारेकरी आणि कबुतरं. या केंद्रात तिशीतली एक मुलगी नोकरीला लागली आणि साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, लोकांना विज्ञानाची गोडी लावा. साहेबांना काय, सांगायचं काम. तिनं बिचारीनं हजार पत्रकं वाटली. चौकात माइक लावून गुरुत्वाकर्षण समजावलं. पंचवीस माणसं जमली, ती अगदी मन लावून ऐकत होती, तिला भरून आलं; आणि बस आल्यावर पंचवीसच्या पंचवीस बसमध्ये चढून निघून गेली.

त्या दिवशी ती लॉन्ड्रीत आली ती पांढऱ्या कोटावर तपकिरी ओघळ घेऊन. परमँगनेटचं जांभळं पाणी सांडलेलं. मावशीनं कोट उलटासुलटा केला, हुंगला, एका बाटलीतलं पेरॉक्साइड आणि दुसऱ्या बाटलीतलं व्हिनेगर थेंबथेंब टाकलं. ओघळ डोळ्यांदेखत फेसाळला आणि नाहीसा झाला. प्रयोगबाई बघतच राहिली. तिनं विचारलं, हे असं का होतं माहीत आहे का तुम्हाला?

"का ते नाही माहीत," मावशी म्हणाली. "कधी होतं ते माहीत आहे. आणि कधी होत नाही तेही."

प्रयोगबाईनं मग तिला का ते सांगितलं. काउंटरवर बोटानं गोल काढून काढून सांगितलं. मागं चार गिऱ्हाइकं उभी होती. पण एकानंही "माझे कपडे झाले का" असं विचारलं नाही. सगळी माना लांब करून ऐकत होती. आणि प्रयोगबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की लोकांना गोडी लावायची गरजच नाही. लोकांकडं प्रश्न आधीपासून आहेत, फक्त ते केंद्रात येत नाहीत. ते इथं येतात, पिशवीत भरून.

तिनं विचारलं, शनिवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा एक तास इथं लोकांना बोलवूया का? तुम्ही कसं ते दाखवा, मी का ते सांगते. मावशी म्हणाली, अगं बाई, मी सातवी शिकलेली, हे दुकान आहे, शाळा नव्हे. प्रयोगबाई म्हणाली, शाळा नाही म्हणूनच. मावशीनं काकांकडं बघितलं. काकांनी एका विजारीची घडी पूर्ण केली, मग दुसरीची, आणि म्हणाले, "होऊ दे." त्यांच्या हिशेबानं हे भाषणच झालं. त्यामुळं ठरलं.

पहिल्या शनिवारी तीन माणसं आली. त्यातली दोघं कपडे तयार नव्हते म्हणून बसली होती आणि तिसरे हेडमास्तर, ज्यांना घरात बसवत नव्हतं. विषय रक्ताचा डाग. मावशीनं सांगितलं, गार पाणी, गरम कधीच नाही. प्रयोगबाईनं काय करावं? एक अंडं फोडलं, पांढरं दोन वाट्यांत घातलं, एकीत गार पाणी ओतलं, दुसरीत उकळतं. गार वाटीतलं नुसतं सैल होऊन पसरलं, दुसऱ्या वाटीतलं घट्ट पांढरं झालं. म्हणाली, रक्तातही याच जातीचा पदार्थ असतो. गरम पाणी घातलं की तो कापडाच्या धाग्यातच शिजतो. शिजलेलं अंडं कुणी परत पातळ केलंय का?

मावशी त्या वाट्यांकडं बघतच राहिली. तीस वर्षं ती गार पाणी, गार पाणी म्हणून लोकांच्या मागं लागत होती. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं म्हणून. ज्या घरात जन्म काढला त्या घराला एक खिडकीही आहे हे एकाएकी कळावं, तसं तिला झालं. तास संपल्यावर तिनं प्रयोगबाईचा हात धरला आणि किती वेळ सोडलाच नाही. रात्री जेवताना काकांना तिनं अंड्याची गोष्ट तीनदा सांगितली. काका तिन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होते. चांगला नवरा म्हणतात तो हाच.

पुढं हा ‘डागांचा तास’ गल्लीत गाजला. केंद्रातून घडीच्या खुर्च्या आल्या, त्या पुरेनात तेव्हा लोक घरून स्टुलं आणू लागले. गंज लिंबानं का निघतो, साबण तेलाला पाण्यात कसा ओढतो, सगळं झालं. मास्तर पहिल्या खुर्चीवर बसून वहीत टिपणं काढायचे आणि चुकीच्या ठिकाणी मान डोलवायचे. दाराबाहेर शटरच्या कडेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगला, झाकणाला चीर पाडून. ज्याला जे विचारायचं त्यानं चिठ्ठी टाकावी, नाव घालू नये. नाव घालायचं नसलं की माणसं काय काय विचारतात! एकानं विचारलं होतं, बायकोच्या परफ्यूमचा वास नवऱ्याच्या शर्टाला किती दिवस टिकतो, आणि बायकोचा नसला तर किती? ती चिठ्ठी मावशीनं वाचली नाही, अलगद चुलीच्या कामाला लावली.

असाच एक शनिवार. प्रयोगबाईनं डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली: नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं रंग खरंच टिकतो का? कुणी करून पाहिलंय का?

वाचून तिनं चिठ्ठी मावशीच्या हातात दिली. मावशीनं अक्षर बघितलं मात्र, आणि तिची कानशिलं तापली. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. लहानपणी धाकटीला पाटीवर गिरवायला तिनंच शिकवलं होतं आणि त्या शेपटीपायी कितीदा मनगटावर चापट्याही मारल्या होत्या.

खोलीत तीसेक माणसं. त्या तिसांपैकी निदान वीस जणांना चादरीचं प्रकरण पाठ होतं. सगळे एकदम भिंतीकडं वगैरे बघायला लागले, जशी काही भिंत आजच बांधली होती. बिचाऱ्या प्रयोगबाईला यातलं काहीच ठाऊक नाही. ती म्हणाली, छान प्रश्न आहे, करूनच पाहूया.

"करा," मावशी म्हणाली. "आत्ता करा. सगळ्यांसमोर करा."

तिच्या मनात काय होतं हे काकांना कळलं होतं. तिला वाटलं, अकरा वर्षांनी देवानंच न्यायाचा दिवस ठरवला. एकदा का हे सिद्ध झालं, की खोटं कोण बोललं तेही सिद्ध झालं.

नव्या लाल सुती कापडाचा एक मीटर आणला, मधोमध कापला. दोन सारख्या बादल्या, मापून पाणी, दोन्हींत सारखंच गार. एकीत चार मुठी मीठ, दुसरीत काही नाही. अर्धा तास. तेवढा वेळ मावशी नुसती बादल्यांवर राखण करत उभी राहिली. वेळ झाल्यावर कापडं बाहेर काढली. साध्या पाण्याची बादली लालभडक. मिठाची जवळजवळ नितळ.

टाळ्या पडल्या. मावशीनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणावं की आणखी काही, हे सांगणं अवघड आहे. मास्तरांनी वहीत लिहिलं: मीठ बरोबर. त्यांची औषधाची वेळ झाली होती, ते उठले. मास्तर राहायला धाकटीच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा ही बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचायला किती वेळ लागला असेल, याचा प्रयोग करायची गरज नाही.

मास्तर कोपऱ्यावरून वळले आणि इकडं प्रयोगबाईनं विचारलं, मावशी, मिठात भिजवल्यावर पुढं आपण कपड्याचं काय करतो? मावशी म्हणाली, काय म्हणजे, धुतो. मीठ घालून? छे, मीठ कशाला, साध्या पाण्यात. मग तसंच करूया, प्रयोगबाई म्हणाली.

दोन्ही बादल्यांत नवं साधं पाणी घेतलं. दोन्ही कापडांबरोबर एकेक पांढरी पट्टी टाकली आणि सारखंच चुबकलं. मिठाचं कापड पाण्यात पडलं आणि त्यातून रंग असा सुटला, की पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. त्या बादलीतली पट्टी गुलाबी झाली. दुसरं कापड आपला रंग आधीच सोडून मोकळं झालेलं; त्याची पट्टी गोरी ती गोरीच. मग दोन्ही वेळचं पाणी काचेच्या बरण्यांत एकत्र केलं आणि खिडकीत ठेवलं. मीठवाली बरणी आणि बिनमिठाची बरणी, रंग सारखाच.

प्रयोगबाईनं समजावलं, पाण्यात मीठ असेपर्यंत रंगाला कापड सोडून पाण्यात जायला जड जातं. म्हणून रंगवण्याच्या कारखान्यातसुद्धा मीठ वापरतात. पण जास्तीचा सैल रंग असतो त्याला ते नुसतं अडवून धरतं, बांधून ठेवत नाही. मीठ गेलं की वाट मोकळी.

मावशीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कापड खराब होतं. पुढच्या शनिवारी परत.

पुढच्या शनिवारी परत झालं. या वेळी कापड निळं, मीठ दुप्पट. तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मीठ जाडं, भिजवणं रात्रभर, वर व्हिनेगर. तेच. मधल्या दिवसांत मावशी दुकान सुरू व्हायच्या आधी एकटीच मागं बरण्या मांडून बसायची. खिडकीत एकूण चौदा बरण्या झाल्या. काका त्यांच्यावरची धूळ पुसायचे आणि बोलायचे नाहीत. अशा वेळी कुणीतरी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, पण मावशीशी वाद घालणारी या जगात एकच बाई होती आणि ती पलीकडच्या फुटपाथवरून चालायची.

तिसऱ्या शनिवारी बरण्या बघून झाल्यावर मावशीनं शेवटचं शस्त्र काढलं. ती म्हणाली, तुमचं विज्ञान राहू द्या, माझ्या दुकानातून तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचा कपडा रंग लागून परत गेलेला नाही, आणि मी प्रत्येक नवा कपडा मिठात भिजवते. हे कसं?

आता दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं किंवा वाद घातला असता. प्रयोगबाईचे डोळे चमकले. ती म्हणाली, हा फार चांगला प्रश्न आहे. तुम्ही नवा कपडा आला की काय काय करता, अगदी पहिल्यापासून सांगा. काहीही वगळू नका.

मावशी सांगू लागली. आधी खुणेची चिठ्ठी शिवते. मग मिठात भिजवते. मग वेगळा धुते. मग परत वेगळा धुते. मग पाणी पांढऱ्या तसराळ्यात घेऊन बघते, रंग दिसला तर आणखी एकदा वेगळा. पाणी नितळ आलं की मगच...

मगच काय, ते राहिलंच. तिचे हात हवेत तसेच थांबले. खोलीतल्या निम्म्यांना कळलं, निम्म्यांना नाही. इस्त्रीच्या टेबलामागून काकांचा आवाज आला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण लोकांच्या देखत ते तिला पहिल्यांदाच काही म्हणाले असतील.

"तीनदा वेगळं धुतेस तू. ते धाकटीला सांगितलं नव्हतंस."

मावशी ओट्याच्या कडेला टेकली. खरंच नव्हतं सांगितलं. ते काय सांगायचं? हात आपोआप करतात त्याला कुणी सांगण्यासारखं समजत नाही. सगळं काम त्या तीन वेगळ्या धुण्यांनी केलं, आणि पाठ थोपटून घेतली मिठानं. तिनं धाकटीला अर्धीच रीत दिली होती. धाकटीनं ती अर्धी रीत तंतोतंत पाळली होती. आणि वर मामांच्या देखत खोटारडीही ठरली होती.

तिनं सगळ्यांना सांगितलं, आज इथंच थांबू. प्रयोगबाई घाबरली, आपण काही चुकीचं बोललो का म्हणून. मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, अगं, तू नसतीस तर मी अशीच मेले असते. मग ती हात न पुसता, चपला घालून, तशीच निघाली.

तीन मजले चढायला तिला बराच वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर मास्तरांचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. मास्तरांनी मिठाच्या पहिल्या शनिवारी ‘मीठ बरोबर’ एवढं वर पोचवलं होतं. पुढच्या दोन शनिवारांचं मात्र कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. शिक्षकी पेशात मुरलेला माणूस, पण चूक सुधारायची ती दुसऱ्याची.

दार धाकटीनंच उघडलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. धाकटीचे केस कानांशी पिकले होते. फुटपाथ ओलांडून हे दिसलं नव्हतं.

"जिंकलीस म्हणे," धाकटी म्हणाली. "मास्तर सांगून गेले. तेच ऐकवायला आलीस?"

"मास्तर अर्ध्यातून उठले."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मीठ घातलं होतंस." मावशीला दम लागला होता, तिनं चौकटीला धरलं. "घातलं होतंस, आणि मी तुला चारचौघांत खोटारडी म्हणाले. मिठानं काही होत नाही. तीनदा वेगळं धुवायचं असतं, ते मी तुला सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती. पहिल्यापासून माझी."

धाकटी म्हणाली, "मिठाचं मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. पडद्याचं कापड उरलं होतं थोडं. तू तसं बोललीस ना, मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल, मीठ कमी पडलं असेल. चार वेळा करून पाहिलं. कमी, जास्त, गार, कोमट. दर वेळी रंग गेला."

"मग तेव्हाच नाही का सांगायचंस?"

"ऐकलं असतंस?"

मावशीनं खरं तेच सांगितलं. "नाही."

"म्हणून चिठ्ठी टाकली. मला माहीत होऊन काय उपयोग, ताई? तुला माहीत व्हायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून नाही, तुझ्या हातानं."

मग दोघी जरा रडल्या, ते सांगत बसत नाही. त्यानंतर चहा झाला. अकरा वर्षांचं बोलणं साचलेलं, त्यामुळं कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, मामांचे दात खरे की खोटे, सगळं निघालं. आणि ज्या बाईनं तीस वर्षं गल्लीचं एकही गुपित फोडलं नव्हतं, तिनं त्या दिवशी धाकटीसमोर किती फोडली याचा हिशेब नाही. दिवेलागणीला काका छत्रीचा दांडा टेकत तिसऱ्या मजल्यावर पोचले. दारातूनच आतला आवाज त्यांनी ऐकला, आत न जाता पायरीवर बसले आणि अर्धा तास तसेच ऐकत राहिले. नंतर ते म्हणाले, की इतकं छान त्यांनी बऱ्याच वर्षांत काही ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मावशी लोकांसमोर उभी राहिली आणि तिनं घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मी तुम्हाला तीस वर्षं मीठ सांगत आले, ते चुकीचं होतं. ज्यांनी ज्यांनी माझ्या सांगण्यावरून कपडे नासवले असतील त्यांची मी गुन्हेगार आहे. वकिलांनी लगेच दोन शर्टांचा उल्लेख केला, पण त्यांना बायकोनं खाली बसवलं. बाकी कुणी रागावलं नाही. उलट, त्या दिवसापासून चिठ्ठ्यांचा डबा दुप्पट भरायला लागला. जिची चूक निघू शकते आणि जी ती मान्य करते, तिला विचारायची भीती कुणाला वाटणार? प्रयोगबाईच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीसकट गल्लीत आले. केंद्रातल्या ‘हात लावू नये’च्या पाट्या काढल्या त्या त्यानंतरच, आता तिथं रविवारी रांग असते, आणि कबुतरांना दुसरीकडं जागा बघावी लागली आहे. कुणी याचं श्रेय मावशीला देऊ लागलं की ती प्रयोगबाईकडं बोट दाखवते, प्रयोगबाई मावशीकडं, आणि काका आपले इस्त्री करत राहतात.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. बोलून झाल्यावर मावशीनं दाराशी उभ्या असलेल्या बाईंना पुढं बोलावलं. म्हणाली, ही माझी धाकटी बहीण, मी अकरा वर्षं उशिरा केला तो प्रयोग हिनं आधीच केलेला आहे, कुणी न शिकवता, एकटीनं, स्वयंपाकघरात; तेव्हा आजपासून हा तास ही घेईल आणि मी तिच्या हाताखाली. धाकटी आधी लाजली, मग ओट्यापाशी गेली आणि त्या दिवसाच्या प्रयोगासाठी मावशीनं मांडून ठेवलेल्या दोन भांड्यांकडं वाकून बघू लागली.

"ताई, दोन्हींत पाणी सारखं नाहीये."

"मापून घेतलंय मी."

"मापून घेतलं असेल. सारखं नाहीये. ये बघ."

मावशी कमरेवर हात ठेवून आली, वाकली, एक डोळा मिटून पाण्याची रेघ बघितली. मग तिनं वाटीभर पाणी घेतलं आणि उजवीकडच्या भांड्यात ओतलं. थोडं. आणखी थोडं.

"आता?" तिनं विचारलं.

"आता झालं," धाकटी म्हणाली, आणि तास सुरू झाला.